खुर्ची बांधा, मले नाई

धानाच्या रोवणीला बाया घेऊन जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली आणि सोमारीची कंबर मोडली. जीव वाचला, पाय गेले. तेव्हापासून कुरखेड्यातल्या घरात तिचं उठणं-बसणं नवऱ्याच्या हातांवर आलं. धनराज तिला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत ठेवायचा, खुर्चीतून परत खाटेवर. तो कधी कुरकुरला नाही. पण एका सकाळी तिला उचलतानाच त्याच्या कंबरेत चमक भरली आणि दोघंही खाटेवर कोसळले. त्या दिवशी सोमारी संध्याकाळपर्यंत छपराच्या कवेलूंकडे बघत पडून राहिली.

गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी तिला सांगितलं होतं, खांद्यांत ताकद आली तर तू स्वतः सरकशील. सोमारीनं खिडकीच्या गजाला सायकलची ट्यूब बांधली आणि रोज ओढू लागली. एके दिवशी ट्यूब तुटून गालावर सपकन बसली.

गाल चोळत ती धनराजला म्हणाली, "मले अयूबभाऊच्या जिममधी न्या."

"तिथी सारे पोट्टे राह्यते. हासतीन."

"हासू द्या."

अयूबची जिम बाजारातल्या जुन्या गोदामात होती. त्यानं धनराजसोबत खुर्ची पायरीवरून आत घेतली खरी, पण तो चाचरत होता. "बाई, इथी मशीनच्या सीटवर बसा लागते. पडल्या-गिडल्या त?"

"मी त बसूनच आली ना. तुमची सीट काढा, माही खुर्ची आत जाते."

अयूबला हसू फुटलं. तो पाना घेऊन आला. वरचा दांडा खाली ओढायच्या मशीनची सीट निघाली, खुर्ची आत गेली, ब्रेक लागले. सोमारीनं जोर लावला मात्र, पुढची चाकं उचलली गेली आणि खुर्ची मागे कलली. अयूबनं धावून सावरली.

"बस झालं, बाई!" तो खुर्ची बाहेर ओढू लागला.

सोमारीनं दांडा सोडला नव्हता. "खुर्ची बांधा, मले नाई. अन् वजन कमी करा. काऊन भेता, भाऊ?"

सामान बांधायच्या रुंद पट्ट्यांनी अयूबनं खुर्ची मशीनच्या पायांना आवळली. सगळ्यात हलकं वजन लावलं. या वेळी दांडा तिच्या छातीपर्यंत आला. कोपऱ्यातली पोरं बघत होती. हसलं कोणीच नाही.

पुढच्याच आठवड्यात जिमच्या पायरीच्या जागी उतार आला. खांदे ठणकायचे, कधी हात पार गळून जायचे. सोमारी जात राहिली.

धानाची कापणी चालू असताना धनराज एका दुपारी घरी आला. खुर्ची रिकामी होती. सोमारी खाटेवर बसली होती, लुगडं चुरगळलेलं, श्वास फुललेला.

"कोनं उचललं तुले?"

"कोनी नाई."

तो दारातच थबकला. मग जवळ येऊन तिचे घट्टे पडलेले तळहात हातात घेऊन बसला.

"आता खाली उतराचं शिकतो," सोमारी म्हणाली. "चुलीपाशी बसाचं हाय मले."