पिवळी खूण

बिघाडाचं कारण:

गॅरेजच्या कार्डावर एवढंच छापलंय आणि पुढे एक ओळ सोडलीय, जेमतेम माझ्या करंगळीएवढी. बारा वाजता दादाची पिकअप घ्यायला गिऱ्हाईक येणार आहे आणि त्याला ही ओळ भरून हवी आहे. "शाफ्ट का तुटला ते गॅरेजकडून लिहून द्या, गाडी घेतो." गॅरेज म्हणजे मी. दहा वाजून गेलेत.

शाफ्ट समोर टेबलावर आहे. इंजिनाची फिरकी मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब नळा. गाडीच्या पोटाखाली असतो, तुटेपर्यंत कुणाला आठवत नाही. दादाच्या गाडीत तो दोन तुकड्यांचा आहे. पुढचा पोलादी. मागचा अ‍ॅल्युमिनियमचा, दोन महिन्यांपूर्वी मी भंगारातून आणून बसवलेला.

मागचा तुटलाय.

बिघाडाचं कारण: जास्त वजन.

हे दादाचं म्हणणं. माझा मोठा भाऊ, पंधरा वर्षं खिडक्यांच्या काचा पोचवतोय. चार दिवसांपूर्वी सकाळी चढावर गाडीखालून फाटकन आवाज आला. तुटलेलं टोक फिरत फिरत पोटावर आपटलं, ब्रेकची नळी गेली आणि गाडी काचांसकट मागे घरंगळली, ती थेट एका शिंप्याच्या दुकानाच्या भिंतीत. शिंपी तेवढ्यात कात्री शोधायला उठला होता. त्याची खुर्ची चेपून पाटासारखी सपाट झाली.

"बावीस काचा जास्त घातल्या मी," दादा त्या दिवशी म्हणाला. "दुसरी खेप वाचवायला. माणूस मेला असता, फिटरबाई."

"मेला नाही ना."

"कात्री हातात असती तर मेला असता."

त्याने स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. वहिनी म्हणते, विकू दे, निदान झोपेल तरी. म्हणून गिऱ्हाईक. म्हणून ही ओळ.

जास्त वजन लिहिलं की संपलं. पेन उचललंही होतं.

बिघाडाचं कारण: धातू.

हे बाबांचं. बाबांनी हे गॅरेज काढलं, आता गुडघ्यांमुळे दारातल्या खुर्चीवरून चालवतात.

"अ‍ॅल्युमिनियमची पातेली करतात," बाबा म्हणाले. "शाफ्ट करत नाहीत."

"कंपनीच करते, बाबा. हलका पडतो."

"कंपनीला काय! ती उद्या गवताचा करेल."

"कार्बनच्या धाग्यांचा येतोच आता. तुटला की झाडूसारखा पिंजतो, गाडीचं पोट फाडत नाही."

"झाडू!" बाबा खुर्चीला म्हणाले. "माझी मुलगी गाडीला झाडू लावणार."

पण धातूला दोष देता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा नळा जाड असतो, ठोका बसून पोचा पडला नसेल तर आयुष्यभर फिरतो. याला पोचा नव्हता, मी घेताना बोट फिरवून बघितलं होतं. बघितलं होतं ना? हो. नक्की? बोट फिरवल्याचं आठवतंय. या नळ्यावरून की आणखी कुठल्या, ते नाही.

बिघाडाचं कारण: (नंतर लिहिते)

तुटलेली कड उन्हात धरली. दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, त्यावर बारीक वळ्या, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. म्हणजे तडा हळूहळू पुढे सरकत होता, कित्येक दिवस. दुसरा खरखरीत, फोडलेल्या साखरेच्या ढेकळासारखा. म्हणजे हा भाग एका झटक्यात गेला. तो झटका चढावरचा, बावीस काचांचा.

मग आधीचे ते दिवस कसले?

दोऱ्याने मोजलं, गुळगुळीत भाग अर्ध्याहून जास्त आला. पुन्हा मोजलं, अर्ध्याहून कमी. दोरा ओला होता म्हणून बदलला. आता बरोबर अर्धा आला. मी दोरा टाकून दिला.

बिघाडाचं कारण: टायर.

हे कुणाचंच म्हणणं नाही. हे मी म्हणाले होते. महिन्यापूर्वी दादा सांगत आला, "साठच्या पुढे गेलो की सीट थरथरते." मी दुसऱ्या गाडीखाली होते. तिथूनच ओरडले, "टायर बदल!" त्याने बदलले. चारही.

"थरथर गेली का?" मी नंतर विचारलं नाही.

बिघाडाचं कारण:

शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत दात्यांवर सरकवून बसतात. दोन्ही टोकांना जोडासाठी कान असतात, आणि शाफ्टच्या एका टोकाकडून पाहिलं तर ते कान एका रेषेत यायला हवेत. एकदोन दाते चुकले की शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला स्वतःशीच भांडतो. गाडी चालते. थरथरते. कुठेतरी तडा सुरू होतो.

म्हणून आमच्याकडे खोलण्याआधी खूण करतात. पांढऱ्या रंगाचा ठिपका या तुकड्यावर, एक त्या तुकड्यावर. बसवताना ठिपक्यासमोर ठिपका आणायचा. बाबांचा नियम आहे, खूण जुळली की डोकं लावायचं नाही. डोकं लावलं की चूक होते, असं ते म्हणतात. मी बारा वर्षं डोकं लावलेलं नाही.

पुढच्या पोलादी तुकड्यावर आमचा पांढरा ठिपका आहे.

भंगारातून आणलेल्या तुकड्यावर पिवळा आहे.

मी पांढऱ्यासमोर पिवळा आणला, सरकवला, घट्ट केला. नीट जुळत होता. पण तो पिवळा ठिपका कुणा दुसऱ्याच मेकॅनिकने, कुठल्या दुसऱ्याच गाडीच्या, दुसऱ्याच पुढच्या तुकड्याशी जुळवायला केलेला. माझ्या शाफ्टबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं.

तुकडे अजून एकमेकांत आहेत. शाफ्ट तुटलाय कानांच्या अलीकडे, म्हणून तुटका शेंडा कडेला कड लावून धरला आणि टोकाकडून पाहिलं.

कान रेषेत नव्हते. दोन दाते.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण क्रमाने यायला हवं. मी तुकडे ओढून वेगळे केले. दोन दाते फिरवून सरकवले. कान रेषेत आले, सुंदर दिसत होते. ठिपके लांब गेले, पण ठिपके चिंधीने पुसता येतात. ग्रीस आत सगळीकडे सारखंच असतं. कुणाला कळणार नव्हतं. मला तरी नंतर कळलं असतं का? दोरा तीन वेळा तीन मापं सांगतो, बोट कुठल्या नळ्यावर फिरवलं आठवत नाही. एक वर्ष गेल्यावर मीच शपथेवर सांगितलं असतं, जास्त वजन.

पुन्हा ओढले. पुन्हा ठिपक्यावर बसवले. चिंधी हातातच होती.

"बारा वाजायला आले," बाबा दारातून म्हणाले. "तिथे काय घुसळतेयस?"

दादा आला. किल्ली बोटात, दाढी वाढलेली.

"लिहिलंस?"

"आधी इकडे ये. या टोकाला डोळा लाव."

"कशाला?"

"लाव ना. शेंडा मी धरते."

त्याने एक डोळा मिटला. "काय बघू?"

"ह्या टोकाचे कान आणि त्या टोकाचे. एका रेषेत हवेत."

"नाहीत."

"मी बसवलेत."

तो वाकलेलाच राहिला. "सीट थरथरायची ती याने?"

"बहुतेक. हो. याने."

"टायर म्हणालीस."

"म्हणाले."

"मग बावीस काचा?"

"त्याही होत्या. तडा माझा, शेवटचा झटका त्यांचा. त्या नसत्या तर कदाचित पुढच्या महिन्यात तुटला असता. कदाचित सपाटीवर. कदाचित त्याच चढावर. मला नाही सांगता येत, दादा, मी सकाळपासून दोरा लावतेय."

दादा सरळ झाला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तीन दिवस मी त्या शिंप्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहतो," तो म्हणाला. "आत जायला पाय उचलत नाही. एकटा."

"माहितेय."

"तू यायला हवं होतंस."

"खूण जुळत होती ना?" बाबांनी दारातून विचारलं. सगळं ऐकत होते.

"जुळत होती, बाबा."

"मग?"

बाबांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, जणू तेही कुणीतरी चुकीच्या ठिपक्यावर बसवले होते.

गिऱ्हाईक आलं तेव्हा मी लिहीतच होते. ओळ संपली, मी कार्डाच्या कडेवर गेले, मग मागे. त्याने कार्ड पुढून वाचलं, उलटून वाचलं, पुन्हा पुढून वाचलं.

*पिवळी खूण या गाडीची नव्हती, तरी जुळवली. तडा त्यामुळे. त्या दिवशी बावीस काचाही जास्त होत्या. बसवणारी: मी.*

"म्हणजे नक्की कारण काय?"

"तेच," मी म्हणाले.

"मग आता गाडी चांगली की वाईट?"

"ते माझ्या भावाला विचारा."

दादा किल्लीकडे बघत होता. "सांगता येत नाही," तो म्हणाला. "आज नका घेऊ."

"मग मी आलो कशाला?"

बाबांनी त्याला बसायला स्टूल दिलं.

"चल," दादा मला म्हणाला.

"कुठे?"

"शिंप्याकडे. आधी हात धू, तिथे पांढरे कपडे असतात."