टिटवीची अंडी

या, जरा सरकून जवळ बसा. बुवा उभे राहायला अजून वेळ आहे, टाळ जुळतायत. तोवर कडेगावकडच्या एका विठ्ठलाच्या देवळातली गोष्ट सांगतो.

"आधी पूस ती टिटवी!" देवळाचा कारभार बघणारे लालासाहेब पायरीवरूनच ओरडले.

सप्ताहाआधी देवळाची भिंत रंगवायचं काम मनुबाईचं. दरवर्षी ती राघू-मोर काढायची. त्र्याहत्तर साली मात्र तिनं टिटवी काढली. हळदीचे लांब पाय, समोर निळीची लाट, खाली चार अंडी.

"घरावरनं वरडत गेली तर मानूस जातंय, आन तू हिला देवाम्होरं बसवलीस?"

"आवं आण्णा, बुवांनीच सांगितलं न्हवं? समुद्रानं अंडी नेली, तवा ती चोचीनं समुद्र उपसाया बसली. देवाला यावं लागलं. अंडी माघारी मिळाली."

"कीर्तनातलं कीर्तनात ऱ्हाऊ दे!" लालासाहेबांची बायको धोंडुबाई पुढं आली. तिच्या सुनेचं बाळ परवाच, जन्मताच गेलं होतं. "तुझा रंग वाळला न्हाई तवर माझा नातू गेला. सोताचं पोर लढाईत घालवलंस, आता आमची घरं बघवंनात व्हय गं?"

"माझा ज्योतिबा गेला न्हाई, वैनी. घावंना झालाय."

"घावतोय आता!" मागून कुणी तरी हसलं.

लालासाहेबांनी चुन्याची बादली पायानं पुढं ढकलली. "पूस. न्हाईतर सप्त्याला ह्या पायरीवर पाय ठिवायचा न्हाई."

मनुबाईनं कुंचला घेतला. पाय गेले, पंख गेले, लाट गेली. डोळ्यापाशी हात अडला, मग डोळाही गेला. तिनं कुंचला खाली ठेवला.

"आन ती खालची?" धोंडुबाईनं विचारलं.

"खडं हायती."

लालासाहेब वाकले. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या रानात खड्यांतच अंडी घालते. जन्मभर नांगर धरलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल?

"खडंच हायती," ते धोंडुबाईला म्हणाले, आणि बादली उचलून चालू लागले.

ज्योतिबा काही आला नाही. मनुबाईही गेली. भिंतीला दरसाल चुना लागतो, पण त्या चार खड्यांना वळसा घालून. कधी त्या देवळात गेलात तर विठ्ठलाला हात जोडा, मग डावीकडं खाली बघा, आणि एवढं करा, मनुबाईची आठवण काढा.