तो झटका माझा होता

मित्रांनो, रस्त्याने गाडी गेली की तुम्हाला तिचे दिवे दिसतात, चाके दिसतात, काचेआडून कुणी हात हलवला तर तोही दिसतो. मी मात्र कधीच दिसत नाही. मी एक जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. गाडीच्या पोटात, इंजिनाला खेटून, अंग चोरून बसलेला असतो. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवायची आणि वेग पाहून आपणहून गिअर बदलायचे, एवढेच माझे काम. चालवणाऱ्याने दांडा 'डी'वर, म्हणजे 'ड्राइव्ह'वर, ठेवला की त्याची जबाबदारी संपली. पुढचे मी बघतो. बघत होतो, असे म्हणायला हवे. मी कुठे कमी पडलो आणि त्याची शिक्षा भलत्याच माणसाने कशी भोगली, ते आज तुम्हाला सांगणार आहे. मन खाते आहे म्हणून सांगतो.

एका भल्यामोठ्या कारखान्यात माझी जुळणी झाली. दातेरी चक्रे, पातळ चकत्या, बारीक बारीक झडपा, सगळे एकमेकांत बसवून शेवटी माझ्यात तांबडे तेल भरले. हे तेल म्हणजे माझा जीव. तेच मला थंड ठेवते आणि त्याच्याच दाबाने माझ्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात. तेल कमी पडले की पकड सुटते, आणि इंजिन नुसतेच बोंबलत राहते.

माझी पहिली मालकीण दातांची डॉक्टर होती. ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, "गिअर कधी पडतो, कळतसुद्धा नाही!" मी फुशारून जायचो. पुढे तिने नवी गाडी घेतली आणि मी गाडीसकट चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या एका ताईंच्या घरी आलो. गाडी त्यांनी घेतली होती ती वडिलांसाठी. घरात छोटी नात असल्यामुळे सगळेच त्यांना आजोबा म्हणत. मीही तेच म्हणतो.

आजोबांनी जन्मभर बस चालवली होती. डेपोत त्यांचे नाव 'लोणी' पडले होते, कारण त्यांनी ब्रेक लावला तर उभ्या प्रवाशाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नसे. क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा मात्र कामातून गेला होता. म्हणून तर क्लच नसलेली गाडी घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इथे तर आपणच जावई. आपण काही करायचं नाही, सगळं आपोआप." मला हसू आले. मग त्यांनी मला असे चालवले, की मला माझीच नव्याने ओळख झाली.

नातीला शाळेत सोडायचे आणि आणायचे, हे त्यांचे काम. कामापेक्षा तो त्यांचा मान होता. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय ते गाडीत बसत नसत.

आणि दर रविवारी माझी तपासणी. हात धुऊन, जुने फडके घेऊन ते बॉनेट उघडायचे. इंजिनाचे तेल, रेडिएटरचे पाणी, आणि शेवटी माझी पट्टी. पट्टी म्हणजे तेल किती आहे ते दाखवणारी लांब, चपटी सळई. बसच्या इंजिनाची जी रीत, तीच त्यांनी मला लावली. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, सगळे थंड, तेल खाली बसलेले, मग पट्टी काढायची. इंजिनासाठी ही रीत अगदी बरोबर. माझे उलटे आहे. माझे तेल मोजायचे ते इंजिन तापलेले आणि चालू असताना. इंजिन बंद केले की वरचे तेल तळाशी उतरते आणि मी पोटभर जेवल्यासारखा दिसतो. आजोबा पट्टी पाहायचे आणि समाधानाने म्हणायचे, "फुल आहे."

मी फुल नव्हतो. रेडिएटरकडे जाणारी माझी एक नळी सांध्यापाशी झिरपत होती. थेंब खालच्या पत्र्यावर पडायचे, त्यामुळे जमिनीवर डागही दिसत नसे. मला ते कळत होते. पण सांगणार कसे? मी माझ्या परीने खुणा केल्या. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अडखळलो. रिव्हर्स टाकल्यावर उशिरा हललो. आजोबा स्टिअरिंगवर थोपटून म्हणायचे, "आज बाई आळसावल्यात वाटतं." पुन्हा रविवारी पट्टी पाहायचे, आणि पुन्हा मी पोटभर.

मग तो दिवस आला. रस्ता खणलेला होता, गाड्यांची ही रांग, आणि डोक्यावर ऊन. शाळेपाशी पोचेपर्यंत माझे उरलेसुरले तेल तापून पाण्यासारखे पातळ झाले होते. फाटकासमोर थोडा चढ आहे. समोरच्या गाडीला वाट द्यायला आजोबांनी जरा मागे घेतली आणि दांडा पुन्हा 'डी'वर आणला. मी काहीच केले नाही. चकत्या धरतच नव्हत्या. गाडी हळूहळू मागे घरंगळू लागली, आणि मागे मुले उभी होती. कुणीही केले असते तेच त्यांनी केले, ॲक्सिलरेटर किंचित दाबला. इंजिन गुरगुरले. आणि नेमकी त्याच क्षणी माझी पकड बसली.

गाडी उसळली. फाटकाशी ठेवलेली शाळेच्या शिपाईमामांची खुर्ची खांबावर चिरडली. ब्रेक लागला तेव्हा खुर्चीच्या काड्या झाल्या होत्या. शिपाईमामा घंटा द्यायला नुकतेच उठले होते, म्हणून वाचले. नात पाण्याची बाटली धरून पाहत उभी होती.

"आजोबा, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबलात की काय?" शिपाईमामांनी विचारले. ते रागावले नव्हते, घाबरले होते.

"नाही हो," आजोबा म्हणाले. "गाडी आधी पुढे जाईचना, मग..."

पुढचे वाक्य कुणी ऐकले नाही. जमलेल्या आयांपैकी कुणीतरी म्हणाले, "वय झालं की होतं असं."

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर! मी ओरडून सांगितले असते, की पाय त्यांचा चुकला नाही, झटका माझा होता.

त्या संध्याकाळी ताईंनी वडिलांना दुकानात अक्षरांच्या पाटीसमोर बसवले. आजोबांनी तळाची सगळ्यात बारीक ओळही घडाघडा वाचली. डोळे चांगले निघाले, तसा संशय पायावर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेज घरापासून हाकेच्या अंतरावर. मी थंड होतो, त्यामुळे शहाण्यासारखा वागलो. डॉक्टरांच्या दारात पोचताच ताप उतरलेल्या पोरासारखा. मिस्त्रींनी एक फेरी मारली आणि सांगितले, "गाडीत काही दोष नाही, ताई." त्यांनी आजोबांचे नाव घेतले नाही. घ्यायची गरजच नव्हती.

घरी आल्यावर ताईंनी हात पुढे केला. "बाबा, किल्ली द्या."

"अगं, पण ऐकून तरी..."

"बाबा, पोरगी चार पावलांवर उभी होती. प्लीज."

आजोबांनी किल्ली दिली. नात शाळेच्या व्हॅनने जाऊ लागली.

खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. गाडीच्या दाराचे कुलूप बिघडले होते, त्यामुळे ते किल्लीवाचूनही उघडे. दुपारी घरात कुणी नसताना आजोबा येऊन चालकाच्या जागेवर बसायचे. इंजिन बंद. डोळे मिटून पाय हलवायचे आणि पुटपुटायचे, "ब्रेक. ॲक्सिलरेटर. ब्रेक." एकदाही चुकायचे नाहीत. तरी पुन्हा पहिल्यापासून. एकदा नात शाळेतून आली आणि मागच्या सीटवर चढून बसली.

"आजोबा, आपण कुठे चाललोय?"

"कुठे नाही, बाळा. पाय तपासतोय."

"दुखतोय?"

"नाही गं. खोटं बोलतो का, ते बघतोय."

मी लोखंडाचा आहे, पण त्या वेळी मला स्वतःची किळस आली.

पुढे एकदा ताई स्वतः गाडी घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला काचांचे खोके आणायला गेल्या. परतताना वाहने तुंबलेली, पुलाचा चढ, आणि मी पुन्हा तापलेला. पुढची गाडी सरकली. ताईंनी ब्रेक सोडला, गाडी मागे जाऊ लागली. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. काही नाही. मग धाडकन झटका! पुढच्या टेम्पोपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली.

ताईंनी कशीबशी गाडी कडेला घेतली. त्यांनी इंजिन बंद केले नाही, फोन लावला.

"बाबा, त्या दिवशी गाडी आधी पुढे गेलीच नव्हती ना?"

मग आजोबा म्हणाले, "आता नक्की नाही सांगता येत गं. तुम्ही सगळे म्हणालात, तर पायच चुकला असेल."

ताई स्टिअरिंगवर डोके टेकून रडल्या. एका चांगल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास मी असा आतून झिजवला होता, आणि मी तिथेच त्यांच्या पायांशी गुरगुरत होतो.

त्या तशाच गॅरेजमध्ये आल्या. आजोबांनाही रिक्षाने बोलावून घेतले. मिस्त्रींनी या वेळी चालू इंजिनात पट्टी ओढली. टोकही धड ओले नव्हते. जे होते ते काळपट, आणि त्याला करपल्याचा वास. त्यांनी गाडीखाली वाकून नळी पाहिली.

"नळी गळतेय ताई, आणि बरेच दिवस गळतेय. तेव्हाच मी गाडी तापवून बघायला हवी होती. पण याचं ऑइल बघतं कोण?"

आजोबांनी तोंड उघडले. त्याआधीच ताई म्हणाल्या, "मी. दर रविवारी. गाडी बंद करून."

"बंद करून? अहो, असं बघतात का कधी! बंद गाडीत पट्टी फुलच दाखवणार. एवढ्या शिकलेल्या तुम्ही, कुणाला विचारायचं तरी!" मिस्त्री बरेच बोलले. ताई मुकाट्याने ऐकत राहिल्या. मिस्त्री पाना आणायला आत गेले, तसे आजोबा हळूच म्हणाले, "पट्टी कुठे असते, माहीत तरी आहे का तुला?"

"नाही."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"तुमच्या गळ्यात आणखी एक चूक नको होती मला. एक तर मीच बांधली होती."

आजोबांनी शर्टाची बाही सारखी केली आणि आत हाक मारली, "मिस्त्री! तिला उगाच बोललात. ऑइल मी बघतो. बसमध्ये बघायचो तसंच याचं बघत गेलो, ती चूक माझी. ती मी घेतो. पण पाय माझा चुकला नव्हता. ते खुर्चीवाल्या शिपायाला जाऊन सांगायचं आहे मला, आणि गाडी मीच चालवत नेणार आहे."

ताईंनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, मला नवी नळी आणि नवे तेल मिळाले. करपलेल्या चकत्याही बदलल्या. आता आजोबा इंजिन चालू ठेवून माझी पट्टी पाहतात आणि नातीलाही दाखवतात. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी जुना सोबती असेल आणि तो गिअर बदलताना अडखळत असेल, तर त्याला तापू द्या आणि मग तपासा. त्याच्या खालचा पत्राही एकदा पुसून बघा. आणि एखादे म्हातारे माणूस "गाडी आधी पुढे जाईचना, मग..." असे म्हणाले, तर तेवढे वाक्य पुरे होऊ द्या. त्या एका वाक्यात माझा सगळा दोष होता.

आजोबा मला पुन्हा लोण्यासारखे चालवतात. पण निघण्याआधी अजूनही ते डोळे मिटून एकदा ब्रेक दाबून बघतात. आपण चुकत नाही ना, याची खात्री करतात. ती शंका मी त्यांच्या पायात घातली. मिस्त्रींनी माझ्यातले सगळे काही दुरुस्त केले, तेवढे मात्र त्यांच्या हातात नव्हते.