ओतलेलं पाणी

नेहेमियाने खांदा लावून पिंप दाराबाहेर कलंडवलं. घरात मयत झालं की साठवलेलं पाणी ठेवायचं नाही, सगळं ओतून द्यायचं. कोकणातली ही रीत त्यांच्याबरोबर बोटीतून इथे, ज्यूंच्या नव्या देशातल्या या पत्र्याच्या छावणीत आली होती. पाणी वाळूत जिरलं. मग तळाचा थर सुटून घसरत बाहेर आला. तपकिरी, जाड, कुजक्या सायीसारखा.

त्याची बायको येमिमा उंबऱ्यात बसली होती. मांडीवर रूतचं झबलं. पोर अजून वर्षाचीही झाली नव्हती. येमिमाने हात लांबवून त्या लिबलिबीत थराला बोट लावलं, नाकाशी नेलं. रूतच्या बाटलीला हाच वास येत होता.

"उकळून पाजायचीस ना?" नेहेमिया हळूच म्हणाला.

"रॉकेल असलं की."

गावी ती रोज सकाळी राख नि काथ्या घेऊन घागर घासायची, मगच पाणी भरायची. इथे टँकर मर्जीने यायचा. मिळालेलं पाणी कोण फेकून देणार? नवं पाणी जुन्यावर ओतायचं, पिंप कधी रिकामं करायचंच नाही. आणि ते गंजकं पिंप दिवसभर उन्हात. हात घातला तर न्हाणीच्या पाण्यासारखं कोमट लागायचं.

मध्ये त्स्वी नावाचा आरोग्याचा माणूस आला होता. त्याने दोऱ्याला बांधून काचेची एक पट्टी येमिमाच्या पिंपात सोडली, दुसरी छावणीच्या ऑफिसमागच्या सावलीतल्या टाकीत. काही दिवसांनी परत येऊन त्या वर ओढल्या, तेव्हा टाकीतल्या काचेतून पलीकडचं दिसत होतं. येमिमाच्या काचेवर शेवाळल्यासारखा गिलावा चढला होता. त्स्वीने दोन्ही काचा कागदात गुंडाळल्या, निकाल कळवतो म्हणाला आणि गेला. तो आला नाही, निकालही नाही. पक्क्या घरांचं वचन तेवढं लाउडस्पीकरवरून दर आठवड्याला येत होतं.

रूतला पुरून आले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या डेबोराचा मेईर रडू लागला. बारीक, कण्हल्यासारखा. ते रडणं येमिमाच्या ओळखीचं होतं. ती उठली.

"येमिमा, सुतकाचे सात दिवस घर सोडायचं नसतं," नेहेमिया म्हणाला.

ती अनवाणीच बाहेर पडली.

"आगो, तू कशाला आलीस? अशा दिवसांत?" डेबोरा दारातच आडवी उभी राहिली.

"पिंप ओतून दे."

"काय?"

"पाणी ओत, डेबोरा."

"माझ्या घरात कोण मेलंय? पोर जिता आहे माझा! तुझी गेली म्हणून माझ्या दारात पाणी ओतायला सांगतेस?"

बाही वर सारून येमिमाने खांद्यापर्यंत हात पिंपात घातला, नखांनी बूड खरवडलं आणि मूठ डेबोरापुढे उघडली.

"रूत हे प्यायली."

डेबोरा त्या मुठीकडे बघत राहिली. मग मेईरला तिने येमिमाच्या कडेवर दिला आणि पिंपाला दोन्ही हात लावले.

दारापुढे ओल दिसताच बायका डोक्यावर पदर घेऊन रडत आल्या. मेईर जिवंत दिसल्यावर रडणं थबकलं, शिव्या सुरू झाल्या. म्हातारी सुझॅन मावशी तर थुंकली, "जित्या पोराचं पाणी ओततेस, अवदसे!" डेबोरा पिंपात डोकं घालून राखेने घासतच होती. आतला राडा तिने मावशीच्या पायाशी टाकला. मावशी वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग पदर कमरेला खोचून आपल्या पिंपाकडे गेली.

संध्याकाळी टँकर आला. एलियाहू ड्रायव्हर एरवी वळणापासूनच हॉर्न बडवत यायचा. तो पोलंडचा, पण मयताच्या घरचं पाणी ओतायची रीत त्याच्याही गावात होती. रांगेतल्या प्रत्येक दारापुढची वाळू ओली होती. त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

सावलीत सरकवलेल्या पिंपाशी येमिमा उभी होती, मेईर तिच्या खांद्यावर झोपलेला.

"किती गेले?" त्याने हिब्रूत विचारलं.

"एक," येमिमा म्हणाली.