अर्ध्या जगावरचा लाल डाग

सगळं गाव मैदानात उतरलं होतं. गाद्या, कुकर, पोपटाचा पिंजरा, लग्नाचे अल्बम; आणि मधोमध टेबलावर उभे ‘नाडीवाले सर’.

“उपग्रहाने पृथ्वीची नाडी धरलीय! हा लाल डाग बघा. आज बरोब्बर चार वाजता भूकंप!”

लोक माना डोलावत होते. माझी आईही तिथेच, ओल्या गवतावर चादर टाकून बसलेली. नुकतीच न्यूमोनियातून उठली होती. वाऱ्यात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हात लावला तर अंग तापलेलं.

सरांच्या हातातलं चित्र माझ्याच ऑफिसचं होतं. फार उंचावरच्या हवेत विजेची जी खळबळ होते, ती आम्ही उपग्रहांवरून मोजतो. भूकंपाआधी ती कधीकधी दिसते म्हणतात; पण भूकंप नसतानाही ती शेकडो वेळा दिसते. परवाचा डाग तर सूर्यावरच्या वादळाचा. अर्ध्या जगावर पसरलेला. सरांनी कात्री चालवून आमच्या गावापुरता ठेवला होता.

मी टेबलावर चढले, अख्खं चित्र दाखवलं, सगळं समजावलं.

“अगं बाई, म्हणजे अर्धं जग हलणार?” बेकरीवाल्या काकू किंचाळल्या.

घ्या! करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी आईकडे धावले.

“आई, घरी चल.”

“भूकंप होणार नाही, असं शपथेवर सांग.”

“तसं कोणालाच सांगता येत नाही गं.”

“मग? ते निदान काहीतरी सांगतायत.”

मी माझी ओढणी तिच्या खांद्यांवर गुंडाळली.

चार वाजले. साडेचार वाजले. पान हललं नाही.

“जमिनीतला दाब मी वरच्या वर सोडवला!” सर गरजले. पडले तरी नाक वर! टाळ्यांचा कडकडाट झाला.

आईचा न्यूमोनिया उलटला; नवव्या दिवशी ती दवाखान्यातच वारली. आदल्या दिवशी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाली होती, “सरांमुळे वाचलो बघ.” मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

भूकंप कधी होईल, मला माहीत नाही. सरांनाही नाही. घराच्या भिंती पक्क्या करून घ्या, जड कपाटं भिंतीला ठोका, आणि ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला घाबरू नका. आमचं कपाट मी ठोकून घेतलंय. आईचे कपडे अजून त्यातच आहेत.