वीतभर चेलवा

शंतनूला उन्नतीच्या घरून नकार आला तो जातीवरून नव्हे, पगारावरूनही नव्हे, उंचीवरून. उन्नतीच्या आजोबांनी, म्हणजे तुकोजीरावांनी, गोरखीतल्या आपल्या बैठकीत त्याला टाळूपासून तळव्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मुलगा गुणी आहे, पण कमी आहे." त्या घरातला सहा फुटांखालचा शेवटचा पुरुष बहुधा पाळण्यात होता. शंतनू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. पाच फूट तीन इंच हा आकडा कुठल्याच सूत्राने वाढत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

पण उन्नतीची आजी लीलाताई "बघू" म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या 'बघू'वर तुकोजीराव सहसा पाणी ओतत नसत. तेवढ्या एका शब्दावर शंतनूची आशा तग धरून होती.

तुकोजीराव गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. दरवर्षी संक्रांत उलटली की मंडळ तिघरा धरणावर जमायचं, सकाळभर गळ टाकायचं, आणि ज्याचा मासा सगळ्यांत लांब त्याला ढाल. ढाल वर्षानुवर्षं तुकोजीरावांच्याच भिंतीवर टांगलेली. त्यात जादू काही नव्हती. खोल पाण्यालगतची वडाखालची जागा मानाची, म्हणून अध्यक्षांची; आणि मोठाले कतला मासे राहायचे नेमके तिथंच. बाकीच्यांनी उथळ पाण्याशी बसावं आणि गळाला लागेल ते गोड मानून घ्यावं.

यंदा बाकीचे कुरकुरले. तेव्हा लीलाताईंनी चहाचे कप फिरवता फिरवता सुचवलं की प्रत्येक मासा त्याच्या भाऊबंदांत मोजा. रोहू रोहूंमध्ये, कतला कतल्यांमध्ये. ज्याचा मासा आपल्या कुळात सगळ्यांत वरचा, त्याला ढाल. उन्नतीने लगेच जोड दिली, "हे काम शंतनू कॉम्प्युटरवर करून देईल, आबा."

"बामणाचा पोरगा मासे मोजणार?" तुकोजीराव एवढे हसले की हसण्याच्या भरात हो म्हणून बसले.

शंतनूने तयारी मात्र जिवापाड केली. माशांवरच्या पुस्तकांतून प्रत्येक प्रजातीच्या लांबीच्या रेषा काढल्या आणि पायऱ्या ठरवल्या: लहान, बरा, मोठा, भारी आणि सगळ्यांत वर इनामी. 'आर' नावाचं सॉफ्टवेअर उघडून त्याने चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. माशाची लांबी द्या, तो पायरी सांगेल. दौलतगंजातल्या त्याच्या घरात आजवर मासा शिरला होता तो फक्त दशावतारांच्या तसबिरीतून, पण आकड्यांना कुठं वास येतो?

धरणावर गेल्यावर कळलं की माशांना येतो. उन्नतीचा भाऊ समरजीत एकेक मासा फळीवर आडवा ठेवून लांबी ओरडत होता, आणि शंतनू नाकाला रुमाल बांधून, मान शक्य तितकी दुसरीकडे वळवून टाइप करत होता. तुकोजीरावांचा कतला हातभराहून मोठा निघाला. सगळ्यांत शेवटी लीलाताई आल्या. वेळ जावा म्हणून त्यांनी उथळ पाण्यात कणकेची गोळी टाकली होती. त्यांच्या तळहातावर एक चेलवा होता, चिमुकल्या जातीचा मासा, चांदीसारखा, वीतभर.

"दादी, ये भी लिखवाना है क्या?" समरजीतने विचारलं.

"लिहायला काय पैसे पडतात?" त्या म्हणाल्या.

शंतनूने बटण दाबलं. यादी आली. तुकोजीरावांचा कतला 'भारी', आणि त्याच्या आसपास कुणी नाही. त्याने निकाल वाचला आणि तुकोजीरावांच्या मिशांना धार आली.

"बघा! म्हणे भाऊबंदांत मोजा. मोजलं ना?" त्यांनी तीळगुळाच्या गजकाचा डबा उघडला, पहिला तुकडा स्वतःच्या हाताने शंतनूच्या तोंडात घातला आणि त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तुकडा न चावताच खाली उतरला. "पंत, तुझी मशीन अक्कलवाली आहे. माणूस उंचीवर थोडाच असतो? उन्नतीचं बघू आता आपण."

उन्नतीने ओढणीआड हसू दाबलं. शंतनूला तिघऱ्याचं पाणी एकदम फार निळं दिसायला लागलं.

तेवढ्यात लीलाताई चहा घेऊन आल्या आणि त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहत हळूच म्हणाल्या, "माझ्या चेलव्याला काय लिहिलंय रे?"

त्याने पाहिलं. "लहानच्याही खाली आहे, आजी."

"असं? याहून मोठा चेलवा मी तरी आजवर पाहिला नाही." एवढंच म्हणून त्या पुढच्या माणसाला चहा द्यायला गेल्या.

शंतनूने प्रोग्रॅम वर सरकवला आणि ओळीओळीने पुन्हा वाचला. प्रजातीचं नाव त्याने टाइप करून घेतलं होतं, पण रेषा लावताना ते वापरलंच नव्हतं. तक्त्यात रोहू पहिला होता. सॉफ्टवेअरने निमूटपणे रोहूच्याच रेषा सगळ्यांना लावल्या होत्या. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. जन्मभर ज्याच्या घरात मासा म्हणजे नुसता मासा, त्याच्या बोटांनाही सगळे सारखेच वाटले.

त्याने एक शब्द दुरुस्त केला आणि पुन्हा बटण दाबलं. कतल्यांमध्ये तुकोजीरावांचा मासा जेमतेम 'बरा'. चेलव्यांमध्ये लीलाताईंचा 'इनामी'.

समरजीतने वाकून पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "शंतनूभाई, पागल मत बनो. आबा खूश आहेत, रिश्ता जुळतोय. लॅपटॉप बंद करा. किसको पता चलेगा?"

खरंच कुणालाही कळलं नसतं. शंतनूने झाकण अर्धं मिटलंही. समोर उन्नती आजोबांना गजक भरवत होती, आणि हे सगळं आपल्या एका शब्दाने मोडणार या विचाराने त्याला रडू यायचं बाकी होतं. मग त्याची नजर फळीच्या कडेला पडलेल्या चेलव्याकडे गेली. आपल्या कुळात सगळ्यांत मोठा, आणि दुसऱ्याच्या मापाने कमी ठरलेला. ते दुखणं कसं असतं, हे शंतनूला गोरखीतल्या त्या बैठकीपासून नीट ठाऊक होतं. त्याने झाकण पुन्हा उघडलं.

"आबासाहेब," तो उठून म्हणाला, "निकाल चुकला. चूक माझी आहे. मी सगळ्यांना रोहूचं माप लावलं. तुमचा कतला लांब आहे, पण कतल्यांमध्ये तो अजून शाळेत जातो. ढाल आजींची."

गजकाचा डबा मिटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. तुकोजीराव आले, लॅपटॉपसमोर उकिडवे बसले आणि त्याच्याकडून एकेक रेषा समजावून घेतली. दोनदा हरकत काढली, दोनदा हरले. मग उठले आणि स्टोव्हकडे गेले, कारण मंडळाचा जुना रिवाज असा की ढाल गमावणाऱ्याने जिंकणाऱ्याचा मासा तळायचा. इतक्या वर्षांत त्यांच्यावर ती वेळच आली नव्हती. तेल कितपत तापू द्यायचं, हेही त्यांना लीलाताईंना विचारावं लागलं.

"तापू द्या अजून," ढाल मांडीवर घेऊन बसलेल्या लीलाताई म्हणाल्या. "घाई कसली?"

शंतनू लॅपटॉप पिशवीत भरून निघायच्या बेतात होता. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात; इथं कर्म त्याने स्वतः टाइप केलं होतं.

"पंत, इकडे ये," तुकोजीराव पाठमोरेच म्हणाले. तो गेला. उभ्या शंतनूची आणि वाकलेल्या तुकोजीरावांची डोकी बरोबर एका रेषेत आली. "पुरुष आमच्या घरच्या मापाने मोजला तर तू लहान. लहानच्याही खाली."

"हो, आबासाहेब."

"पण पदरात पडलेली पोरगी जाईल हे दिसत असून खरं बोलणाऱ्यांत मोजला, तर..." ते अडखळले. तो शब्द त्यांच्या तोंडून सुखासुखी निघेना.

"इनामी," लीलाताईंनी वाक्य पुरं केलं.

"रविवारी आईवडिलांना घेऊन ये," तुकोजीराव म्हणाले.

उन्नती एवढ्यावर थांबती तर ती लीलाताईंची नात कसली? शंतनूशेजारी उभी राहून तिने साळसूदपणे विचारलं, "आणि आबा, त्या मापाने तुम्ही कोणत्या पायरीवर?"

"मी मासा तळतोय," वीतभर चेलवा अलगद उलटत तुकोजीराव म्हणाले. "दिसत नाही?"