हळदीचे पंधराशे

गंगापूर रोडवरच्या रविराजदादांच्या फोटो स्टुडिओत हिशेब मी बघते, त्यामुळे लग्नांत लाइट धरायला येणाऱ्या निकिताचं बिल माझ्याकडेच येतं. बिल कसलं, व्हॉट्सॲपवर एक ओळ: "दादा, वणीच्या लग्नाचं बघा." दादा माणूस वाईट नाहीत, पण 'बघा' म्हटलं की ते खिशात बघतात. दिवसभर लाइट धरून पोरीचे हात भरून येतात, आणि पैसे किती मिळणार ते तिचं तिलाच ठाऊक नसतं. तिच्या घरच्यांनी आता निक्षून सांगितलं होतं, या महिन्यात नीट कमाई दिसली नाही तर एक तारखेपासून साड्यांच्या दुकानात कामाला लागायचं. म्हणून माझं डोकं फिरलं.

मी तिला बोलावून घेतलं. काम कोणतं, दर काय, जाण्यायेण्याचा खर्च किती, पैसे कधीपर्यंत हवेत, सगळं वेगवेगळं लिही म्हटलं. तिने लिहिलं, पण हळदीचा दिवस गाळला.

विचारलं तर मान खाली. नवरीच्या आईने, मनीषाकाकूंनी, तिला कुंकू लावून ड्रेसचं कापड दिलं होतं, पंगतीत आपल्या शेजारी बसवलं होतं.

"त्यांनी मला घरचं मानलं, ताई. मग हळदीचे पैसे कसे लावू?"

मला भरूनही आलं आणि रागही आला.

"अगं, स्टुडिओने काकूंना हळदीचे पैसे लावलेत. तू सोडलेस ते त्यांना नाही मिळणार, दादांना मिळणार."

तिचा चेहरा इतका पडला की तिचा आहेर मीच काढून घेतल्यासारखं वाटलं. शिवाय मालकाची गोष्ट बाहेर बोलून बसले होते, ती धास्ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी ती बिल घेऊन स्वतः आली. लग्न दोन हजार, वणीचं जाणं-येणं तीनशे, हळद पंधराशे. खाली लिहिलं होतं, 'हळदीचे पंधराशे मी सोडत आहे. ते मनीषाकाकूंच्या बिलातून माझ्या नावाने कमी करावेत. बाकीचे शनिवारपर्यंत द्यावेत.'

दादांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी कॅल्क्युलेटरमध्ये डोकं घातलं.

"कर कमी," ते म्हणाले. "आणि नाव लिही तिचं."

तिचे पैसे त्यांनी तिथेच पाठवले. मी काकूंना नवं बिल पाठवलं, तर थोड्याच वेळात त्यांचा फोन. दादांनी स्पीकर लावला.

"बारकीच्या लग्नाला तुमच्यासंगं हीच पोरगी पाहिजे. लय गुणाची हाय. किती घेती ती?"

दादा सवयीने 'बघू आपण' म्हणणार, तेवढ्यात निकिता पुढे झाली. कान लाल झाले होते, पण आवाज नीट होता.

"लग्नाचे दोन हजार, काकू. हळदीचे पंधराशे वेगळे."

काकू चालेल म्हणाल्या. मग निकिताने घरी फोन लावला, आलेले पैसे आणि पुढचं ठरलेलं काम सांगितलं, आणि साड्यांच्या दुकानात 'नाही' म्हणून कळवायला सांगितलं.